‘द कॅट कॉन्चेर्टो’ : इथे टॉमला उठायची सोय नाही

खडूस_खडू

टॉम अँड जेरीवर इथे आधी धागे निघालेत, ठाऊक आहे. ते बहुतेक सगळे ‘तुम्ही बोक्याचे की उंदराचे’ या वळणावर जाऊन आटपले. हा धागा एकाच लघुपटासाठी आहे: ‘द कॅट कॉन्चेर्टो’. काळा टेलकोट घातलेला टॉम, भलामोठा पियानो आणि पियानोच्या पोटात झोपलेला जेरी. नाव आठवत नसलं तरी पाहिलेला असणारच.

आधी कुंडली. दिग्दर्शन विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, निर्माता फ्रेड क्विम्बी, स्टुडिओ एमजीएम, संगीताची बाजू स्कॉट ब्रॅडली. सगळीकडे प्रदर्शित झाला २६ एप्रिल १९४७ ला, पण ऑस्कर मिळालं ते १९४६ सालचं. या मालिकेला एकूण सात ऑस्कर मिळाली, त्यातलं हे चौथं. टॉम जे वाजवतो ती फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन पियानोवादक-संगीतकाराची ‘हंगेरियन रॅप्सडी क्रमांक २’.

माझं म्हणणं असं की हा सगळ्या टॉम अँड जेरींमध्ये उजवा आहे, आणि तो उजवा आहे कारण टॉमला जागेवरून उठता येत नाही. एरवी टॉमच्या दिमतीला अख्खं घर असतं. इस्त्री, कुऱ्हाड, बंदूक, फ्रिज, शेजारचा कुत्रा, काय वाट्टेल ते. जेरी बिळातून बाहेर पडला की हा मागे धावतो आणि सात मिनिटांत घराची वाट लागते. इथे त्याच्याकडे फक्त बोटं, आणि तीही कामात अडकलेली. समोर लोक बसलेत. सुरू केलेलं मधेच टाकता येत नाही. जेरीला हाणायचं तर एका हाताने, दुसऱ्याने वाजवत राहून, आणि वर चेहरा उस्तादासारखा ठेवून.

कात्रीचा प्रसंग आठवा. टॉमचं एक बोट एकाच पट्टीवर परत परत येतंय. जेरी बाजूला कात्रीची पाती फाकून उभा. बोट खाली येतं, कात्री मिटते, तोवर बोट वर. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी वैतागून जेरी कात्री टाकतो आणि पट्टीच्या जागी चक्क उंदराचा सापळा ठेवतो. आता खरी करामत पुढे आहे. बोट लगेच सापळ्यात पडत नाही. अलीकडच्या पट्टीवर पडतं, पलीकडच्या पट्टीवर पडतं, सापळा सोडून सगळीकडे पडतं. आपल्याला माहीत आहे काय होणार, टॉमला माहीत नाही, आणि लिस्टने सूर जसे लिहिलेत त्याच क्रमाने ते व्हायचंय. मग एकदाचं फट्!

दुसरं म्हणणं, यावर भांडण होईल: या लघुपटात टॉमचा काडीचाही दोष नाही. तो कलाकार आहे, आपलं काम करतोय. इथे मला जेरीचाच राग येतो.

उंडगा

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत जागा धरली आहे. चालू द्या.

रानजाई

टॉमचा दोष नाही?? धागाकर्ते, परत बघा.

जेरी बिचारा पियानोच्या हातोड्यांवर अंग टाकून गाढ झोपला होता. कोणाच्या अध्यात ना मध्यात. याने सूर छेडले, खालचं अंथरूणच नाचायला लागलं. आपण काय केलं असतं? पोलिसांना फोन. जेरीने काय केलं? उठून बसला आणि हात हलवून टॉमच्या वाजवण्याला ताल धरला, वाद्यवृंदाचा संचालक असल्यासारखा. थोडी टिंगल होती, मान्य. पण एवढ्यावर टॉमने बोटाने टिचकी मारून त्याला उडवून लावलं. पहिली टिचकी टॉमची. बाकी सगळं त्याच्या पुढचं आहे.

खडूस_खडू

रानजाई, हॉलमध्ये येऊन पहिल्या ओळीत बसून कोणी गवयाच्या नकला करायला लागलं तर संयोजक त्याला टिचकीच मारतील. टॉमकडे संयोजक नव्हते.

माडाखाली

धागा उघडलात ते बरं केलंत. मी मडगावला मुलांना पियानो शिकवते आणि हा लघुपट माझ्या धंद्याचा भाग आहे. नवीन पोर आलं की आई-बाबा सांगतात, “हिला टॉमसारखं वाजवायचंय.”

एक गोष्ट नीट पाहा. टॉमची बोटं खोटी नाहीत. कार्टूनमध्ये वादन दाखवताना हात असाच डावीउजवीकडे फिरवतात, सूर एकीकडे आणि हात तिसरीकडे. इथे सूर वर चढले की हात उजवीकडे जातो, जाड स्वर आला की डावा हात तिथेच असतो, उड्या जिथे आहेत तिथे उड्या. हाताची ठेवणसुद्धा चक्क वादकाची. केनेथ म्यूज, एड बार्ज आणि अर्व्हन स्पेन्स या तिघांची नावं ॲनिमेटर म्हणून आहेत. त्यांनी हे काय मेहनतीने केलं असेल ते शिकवणाऱ्यालाच कळतं.

जेरीच्या अंथरुणाचंही बरोबर आहे. ग्रँड पियानोत हातोड्या तारांच्या खाली आडव्या असतात आणि पट्टी दाबली की खालून वर येऊन तारेवर आदळतात. म्हणजे त्यावर झोपलेला प्राणी वर फेकला जाणार, हे अगदी शास्त्रशुद्ध! हातोड्यांच्या टोकाला नमदा असतो, गादीही मऊ.

बिघडतं ते पुढे. जेरी हातोड्यांवर नाचतो आणि सूर उमटतात. प्रत्यक्षात हातोडीवर कोणी उभं राहिलं तर ती खाली दबेल, वर कशाला जाईल? आणि समजा एखादी वर गेलीच, तर पट्टी दाबलेली नाही म्हणून डँपर, म्हणजे तारेचा कंप दाबून धरणारा तुकडा, तारेवर बसलेलाच असणार. ठक् असा आवाज येईल नि संपेल. माझ्या एका विद्यार्थ्याने हे शोधून काढलं आणि त्याचा इतका हिरमोड झाला की त्या दिवशी आम्ही वाजवलंच नाही.

उंडगा

म्हणजे उंदराने टेलकोट घालणं चालतं, डँपर चालत नाही.

माडाखाली

उंडगा, कोट उतरवता येतो रे बाबा. डँपर नाही.

पेटीवाला

मी संवादिनीवाला माणूस, पियानो दुरून पाहिलेला. तरी या रचनेबद्दल दोन शब्द लिहितो, कारण विनोदाचा सांगाडा तिच्यातच आहे.

लिस्टने ही १८४७ मध्ये रचली, १८५१ मध्ये छापून आली. तिचे दोन भाग. पहिला ‘लासान’, संथ, भारदस्त, थोडा नाटकी. दुसरा ‘फ्रिश्का’, हळूच सुरू होऊन वाढत वाढत भन्नाट सुटणारा. हंगेरीतल्या चारदाश नाचाची ही बांधणी. आपल्या माणसाला सांगायचं तर विलंबित आणि द्रुत, अर्थात तंतोतंत नव्हे.

आता लघुपट यावर बसवून बघा. विलंबितात टॉमचा रुबाब: सावकाश चालत येणं, लवून नमस्कार, हात पुसणं, मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. (आपल्याकडेही काही बुवा तंबोरे लागून झाल्यावर पाच मिनिटं नुसते डोळे मिटून बसतात. नावं घेत नाही.) फ्रिश्का सुरू झाली की त्या रुबाबाचे कपडे एकेक उतरायला लागतात. लय जशी चढते तसा टॉम उतरतो. वेगळी पटकथा लिहायचं कामच उरलं नाही, लिस्टने शंभर वर्षं आधी लिहून ठेवली होती.

आणखी एक. शेवटाकडे लिस्टने वादकाला मोकळी जागा ठेवली आहे, तिथे ज्याने त्याने आपली कारागिरी दाखवावी. रख्मानिनॉव्ह या रशियन पियानोवादक-संगीतकाराने तिथे स्वतःची लिहिलेली वाजवली आहे, १९१९ चं ध्वनिमुद्रण आहे, जरूर ऐका. म्हणजे ‘संपलं वाटतंय पण संपत नाही’ हा खेळ मूळ रचनेच्या स्वभावातच आहे. जेरी शेवटी टॉमला तेच करतो. टॉमला वाटतं सुटलो, की हा परत सुरू.

रानजाई

पेटीवाले काका, दंडवत. ‘लय चढते तसा टॉम उतरतो’ हे वहीत लिहून ठेवलं.

तिसरीघंटा

काकांच्या मुद्द्याला पुरवणी. लिस्ट हा माणूसच असा निवडलाय की टॉमचा तोरा त्याच्यावर बेतलेला वाटावा. पियानो लोकांसमोर आडवा ठेवायचा म्हणजे वादकाचा चेहरा एका बाजूने दिसतो, ही पद्धत रूढ करण्यात लिस्टचा मोठा हात. कागद समोर न ठेवता पाठ वाजवणं, तेही. बाया त्याचे हातमोजे पळवायच्या. जर्मन कवी हाइनेने १८४४ मध्ये या वेडाला ‘लिस्टोमेनिया’ म्हटलं. टॉम रंगमंचावर ज्या थाटात येतो तो थाट तिथून आलाय.

पण खडू, तुझ्या मुख्य मुद्द्याशी माझं पूर्ण जमत नाही. टॉम अडकलेला असणं हे विनोदाचं कारण म्हणतोस. आमच्या नाटकात रोज होतं: दाराची कडी निघत नाही, टेलिफोन वाजायच्या आधी नट तो उचलतो. लोक हसतात ते नट अडकला म्हणून नाही. तो अडकलाय हे लपवायला जी धडपड करतो तिला हसतात. टॉमने पहिल्याच फटक्याला पियानोचं झाकण आपटून आत हात घातला असता तरी तो खुर्चीवरच होता, पण मजा गेली असती. त्याला लोकांसमोर शोभा राखायचीय, ही खरी गोम.

खडूस_खडू

हे मान्यच आहे, तिसरीघंटा. पण शोभा राखायची म्हणून तर तो अडकलाय! उठायला बंदी कोणी घातली? लोकांनीच ना?

बिनसाखरेचा

एवढं कौतुक चाललंय म्हणून मीठ टाकतो. हा लघुपट चोरीचा आहे.

वॉर्नर ब्रदर्सचा ‘रॅप्सडी रॅबिट’ बघा. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग, नोव्हेंबर १९४६. बग्ज बनी टेलकोट घालून रंगमंचावर येतो, पियानोवर बसतो, तीच हंगेरियन रॅप्सडी क्रमांक २ वाजवायला घेतो, पियानोत उंदीर, उंदराशी मारामारी, आणि शेवट उंदीरच वाजवतो. झालं समाधान? एमजीएमचा नंतर आला आणि बक्षीसही तोच घेऊन गेला.

तिसरीघंटा

या भांडणात उडी घेण्याआधी दोन्ही पाहिलेत अशांनीच हात वर करा.

दोन्ही स्टुडिओंनी तेव्हा एकमेकांकडे बोट दाखवलं होतं. टेक्निकलर या रंगीत फिल्म धुणाऱ्या कंपनीच्या लॅबमधून एकाचं रीळ दुसऱ्याकडे गेलं आणि तिथून कल्पना उचलली, अशी एक कहाणी सांगतात. सिद्ध कधी काही झालं नाही. मला विचाराल तर रचनाच अशी होती की कोणीही तिथे पोचला असता. लिस्ट १८८६ मध्ये वारला, त्यामुळे हक्क कोणाला विचारायचे नाहीत, सूर सगळ्यांच्या कानावरचे, आणि कार्टूनवाल्यांचा हा जुना लाडका तुकडा. खुद्द फ्रेलेंगनेच १९४१ मध्ये ‘रॅप्सडी इन रिव्हेट्स’ मध्ये याच संगीतावर इमारत बांधली होती, मुकादम हाच संचालक. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ मध्ये डॅफी आणि डोनाल्ड दोन पियानोंवर हेच घेऊन जुंपतात.

उंदीर दोन्हीकडे आहे, हे मात्र खटकतं. एमजीएमकडे उंदीर घरचाच होता. बग्जला उंदराची काय गरज?

बिनसाखरेचा

‘उंदीर घरचाच’ हा काय पुरावा झाला? फ्रेलेंगकडे पाच वर्षं आधीपासून रचना होती. उंदीर काय, कुठेही मिळतो.

खडूस_खडू

कोणी कोणाचं उचललं यात मला रस नाही, पण बिनसाखरेच्या उदाहरणाने माझंच काम झालं. दोन्ही लागोपाठ लावून बघा.

बग्ज वाजवायला बसतो तोच प्रेक्षकांत एक जण खोकतो. पुन्हा खोकतो. बग्ज पिस्तूल काढून त्याला उडवतो! मधेच पियानोतून फोन वाजतो, तो उचलून बोलतो, फ्रान्झ लिस्टची चौकशी आहे तर ‘माहीत नाही, राँग नंबर’ म्हणून ठेवून देतो. गाजर खातो. आपल्याकडे बघून बोलतो. बग्ज मालक आहे, हॉल त्याच्या बापाचा आहे. हसू येतं, भरपूर येतं. पण त्याला काही झालं तर काय, ही धाकधूक एकदाही वाटत नाही.

टॉम एक शब्द बोलत नाही. प्रेक्षकांकडे मदतीला पाहत नाही. पायांनी पट्ट्या वाजवायची वेळ येते तरी वाजवणं सोडत नाही. तीच रचना, तोच उंदीर, तोच कोट. एकात विदूषक वाजवतोय, दुसऱ्यात वादक.

बिनसाखरेचा

वादक बोका, विदूषक ससा. बरं. फोनचा विनोद तरीही एमजीएमच्या आख्ख्या रिळापेक्षा भारी आहे.

सांजसावली

बाकी सगळं छान चाललंय, पण एक प्रामाणिक शंका. लेक पाच वर्षांची आहे. तिला हे दाखवलं तर झाकण बोटांवर आपटतं तिथे ती हसली नाही, तिने स्वतःची बोटं मुठीत लपवली. टॉमची बोटं पापडासारखी चपटी होतात ना, तिथे. पुढचा सगळा वेळ “त्याला दुखलं का” एवढंच. मी लहानपणी संध्याकाळी कार्टून नेटवर्कला चिकटलेली असायचे, रात्री नऊला ते बंद होऊन टीएनटीचे जुने सिनेमे लागले की रडायचे, तरी मला हा प्रश्न पडल्याचं आठवत नाही. तुम्ही लोक मुलांना काय सांगता?

रानजाई

सांजसावली, आमच्याकडेही हेच झालं होतं. मी सांगितलं, पुढच्या चित्रात बघ बोटं कशी आहेत. सरळ झालेली असतात. या दुनियेचा हा नियम त्यांना एकदा कळला की पुढे तीच सांगतात, “आता नीट होईल बघ.” तरी पाच हे वय लहानच. ‘द कॅट कॉन्चेर्टो’ त्या मानाने मवाळ आहे. कुऱ्हाडी-सुरुंगवाले दोन-तीन वर्षं राहू दे.

माडाखाली

सांजसावली, माझ्याकडच्या मुलांना झाकणाची भीती बसते आणि ती बरीच आहे. पियानोचं झाकण बोटांवर पडणं ही खरी घटना आहे, हातोडी घेऊन मागे लागणारा उंदीर नाही. पहिल्याच दिवशी मी तो प्रसंग दाखवते.

जुनापुराणा

उशिरा आलो. सहमत थोडा, असहमत जास्त.

संगीतावरचाच टॉम अँड जेरी निवडायचा तर १९५० चा ‘टॉम अँड जेरी इन द हॉलिवूड बोल’ का नाही? टॉम संचालक, पुढे अख्खा मांजरांचा वाद्यवृंद, स्ट्राउसच्या ‘डी फ्लेडरमाउस’ ची सुरावट, आणि जेरीला पण संचालन करायचंय. दोघांचं भांडण हावरेपणाचं आहे, दोघेही तितकेच चुकतात. ‘कॅट कॉन्चेर्टो’ मध्ये जेरी पक्का खलनायक होतो हे धागाकर्त्यानेच कबूल केलंय. मला तो दोष वाटतो. ही जोडी बरोबरीची असली की रंगते.

आणि ऑस्करचं म्हणाल तर १९५२ सालचं ‘जोहान माउस’ ला मिळालं, मालिकेचं शेवटचं. व्हिएन्नात स्ट्राउसच्या घरी राहणारा उंदीर, वॉल्ट्झ सुरू झाली की त्याला नाचल्याशिवाय राहवत नाही. बोका म्हणून पियानो शिकतो, उंदीर बिळातून बाहेर काढायला! पियानो याकोब गिंपेलने वाजवलाय आणि पडद्यावर त्याचं नाव आहे. इथे शिकार आणि वादन एकाच गाठीत बांधलंय. टॉम वाजवायचा थांबला की उंदीर थांबतो, उंदीर पकडायला उठला की वाजवणं थांबतं.

खडूस_खडू

जुनापुराणा, ‘जोहान माउस’ चं उदाहरण तगडं आहे. तिथेही मुद्दा तोच ना, उठला की संपलं? फक्त तिथे उठायची हाव आहे, इथे उठायची लाज. मला लाज जास्त हसवते.

जुनापुराणा

तुझ्या चौकटीत तू सगळंच बसवतोस. उद्या म्हणशील ‘सॉलिड सेरेनेड’ मध्येही टॉम डबल बासला अडकलेला आहे.

खडूस_खडू

तिथे डबल बासवरच टुणटुण उड्या मारत जातो. अजिबात अडकलेला नाही. :)

पेटीवाला

मधल्या जॅझच्या तुकड्याबद्दल कोणीच बोललं नाही? जेरी हातोड्यांवर नाचतो आणि रॅप्सडी भलत्याच चालीवर घसरते. टॉमची बोटं आपोआप त्या चालीवर जातात, काही मात्रा तो रमतोसुद्धा, मग भानावर येतो. शास्त्रीय बैठकीत साथीदाराने लावणीचा ठेका धरावा आणि बुवांची मान हलावी, असं. संपूर्ण लघुपटात टॉमच्या चेहऱ्यावरचा खरा आनंद मला तेवढाच दिसतो.

तिसरीघंटा

काका, ते गाणं ‘ऑन द ॲचिसन, टोपेका अँड द सँटा फे’. हॅरी वॉरन आणि जॉनी मर्सरचं, एमजीएमच्याच ‘द हार्वी गर्ल्स’ (१९४६) मधलं. गंमत बघा, ज्या समारंभात ‘कॅट कॉन्चेर्टो’ ला ऑस्कर मिळालं त्याच समारंभात या गाण्याला उत्कृष्ट गाण्याचं मिळालं. तेव्हाच्या प्रेक्षकाच्या तोंडात ते घोळत असणार. लिस्टच्या मधे ते निघाल्यावर हॉल किती उसळला असेल याची आज आपल्याला कल्पना नाही यायची.

उंडगा

ऑस्करची पेटी कोणाच्या घरी गेली ते पण सांगा मग.

तिसरीघंटा

फ्रेड क्विम्बीच्या. नियमाप्रमाणे निर्मात्याला. काढणारे, हसवणारे, फ्रेम मोजणारे हॅना आणि बार्बेरा, बाहुली घ्यायला स्टेजवर क्विम्बी. सातही वेळा या दोघांना वर बोलावलं नाही. बार्बेरा चित्र आणि गमतीजमती बघायचा, हॅनाकडे वेळेचं गणित: कुठला फटका कितव्या फ्रेमला. सेकंदाला २४ फ्रेम, त्यात बोट आणि सूर जुळवायचे. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळीही हॅनाचीच. म्हणजे ओरडायचं यानेच आणि बक्षीस घ्यायचं त्याने. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभागाला टाळं ठोकलं तेव्हा या दोघांनी आपली कंपनी काढली, ती पुढे टीव्हीवर कुठे पोचली ते सगळ्यांना माहीत आहे.

बिनसाखरेचा

टीव्हीवर पोचली आणि ॲनिमेशनचा जीव गेला. त्यांच्या ‘द फ्लिंटस्टोन्स’ मालिकेत फ्लिंटस्टोन चालतो तेव्हा मागे तीच खिडकी आणि तेच झाड दर दोन सेकंदांनी. ‘कॅट कॉन्चेर्टो’ ची बोटं काढणारे हेच दोघे, विश्वास बसत नाही. (हे कौतुक समजा.)

जुनापुराणा

पैसे, बिनसाखरेच्या, पैसे. टीव्ही सात मिनिटांना स्टुडिओचं बजेट देत नव्हता. आणि प्रागमध्ये जीन डाइचने १९६१-६२ मध्ये केलेले १३ टॉम अँड जेरी बघितलेस तर फ्लिंटस्टोनला हार घालशील. लहानपणी ते लागले की टीव्ही बिघडलाय असं वाटायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

रानजाई

डाइचवर वेगळा धागा काढा, इथे नको. तिथे मी तुमच्याशी भांडेन, मला ते आवडतात.

सांजसावली

आणखी एक विचारते, मग गप्प बसते. घरातल्या बाईंचे फक्त पाय दिसतात ते भाग आता मुलांना दाखवताना अडखळायला होतं. ‘कॅट कॉन्चेर्टो’ मध्ये त्या नाहीत ना?

तिसरीघंटा

नाहीत. तो आवाज लिलियन रँडॉल्फचा, पात्र कृष्णवर्णीय मोलकरणीच्या ठरीव साच्यातलं, आणि आक्षेप त्या काळातही होते. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढून आवाजही बदलला. मला विचारशील तर मूळ तसंच दाखवावं आणि मुलांशी बोलावं, पण पाच वर्षांच्या मुलीशी नाही. या लघुपटात तो प्रश्नच येत नाही. बोका, उंदीर आणि पियानो.

माडाखाली

लांग लांगचं नाव अजून कसं आलं नाही? चीनचा, आज जगभर गाजलेला वादक. दोन वर्षांचा असताना टीव्हीवर हाच लघुपट पाहिला आणि तिथून पियानोचं वेड लागलं, असं तो स्वतः सांगतो. १९८२ चा जन्म. पालकांना मी हे सांगत नाही, कारण मग दोन वर्षांची मुलं घेऊन दारात उभे राहतात.

उंडगा

आमच्याकडे दोन वर्षांच्याने बघून पेटीच्या आत भिजवलेली चपाती घातली. जेरीला भूक लागली असेल म्हणून.

पेटीवाला

उंडगा, ती पेटी दुरुस्तीला आधी उघडून वाळव. भात्याच्या कापडाला बुरशी धरली की सूर दमेकरी होतात. थट्टा नाही करत.

रानजाई

मूळ भांडणाकडे येते, कारण धागाकर्ते सोयीस्कर विसरलेत. शेवट.

टॉम जेरीला हातोड्यांमध्ये कोंबतो आणि वाजवत सुटतो. जेरीला हातोड्या थपडा मारतायत, वर उडवतायत, ढुंगणावर फटके देतायत. इतका वेळ तुम्ही ज्याला निष्पाप कलाकार म्हणताय तो आता सूर बघून वाजवत नाहीये, उंदराला मार बसेल असं वाजवतोय. रचना शिक्षेसाठी वापरतोय! कलाकार म्हणून तो तिथेच हरला. मग जेरी रागाने बाहेर येतो, दोन हातोड्या मोडून घेतो आणि शेवटचा भाग त्यांनी बडवतो. टॉम बाह्या वर, केस विस्कटलेले, मागे मागे फरपटत. शेवटी पडतो. प्रकाशझोत जेरीवर, अंगात छोटासा टेलकोट, टाळ्या जेरीला. मला हा न्याय वाटतो.

खडूस_खडू

न्याय कसला? पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पट्ट्यांवर हात कोणाचे होते? जेरीने शेवटचं पान बडवलं तेव्हाही टॉम वाजवतच होता. आठपैकी सात मिनिटं त्याची, टाळ्या दुसऱ्याच्या. तिसरीघंटाने वर क्विम्बीचं सांगितलंय, तेच आहे हे.

रानजाई

क्विम्बीने एकही फ्रेम काढली नव्हती. जेरीने शेवट स्वतः वाजवला. उपमा मागे घ्या.

तिसरीघंटा

आमच्या धंद्यातला हिशेब सांगतो: पडदा पडताना जो उभा असतो, टाळ्या त्याच्या.

माडाखाली

आणि वादकांच्या धंद्यातला हिशेब: हातोड्या मोडल्यात, त्याचं बिल टॉमच्याच नावावर येणार. ग्रँडच्या दोन हातोड्या बदलायच्या म्हणजे नुसत्या चिकटवून भागत नाही. वजन जुळवावं लागतं, नमदा टोचून आवाज शेजारच्या स्वरांना मिळता करावा लागतो. उंदराला कोण विचारतो?

रानजाई

बिल टॉमलाच येऊ दे. टिचकी त्याची होती.